मी फक्त आकडा दाखवते

मी एक पाटी बोलतेय. दुकानाची नाही, शाळेची नाही, रस्त्याच्या कडेची. अमेरिकेत, कनेटिकटमधल्या एका लहान गावात, ओक रिज रोडवर, खांबाला बांधलेली. डोक्यावर सोलर पॅनल, पोटात रडार. तुम्ही गाडी घेऊन आलात की तुमचा वेग मी तुम्हालाच मोठ्या अक्षरांत दाखवते. पंचवीस मैलांच्या वर गेलात की आकडा लाल होतो आणि उघडझाप करतो. संपलं माझं काम. मी कोणाला पकडत नाही, दंड करत नाही, कोणाची चुगली करत नाही.

पण हे लोकांना कुठे माहीत? मला बसवलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, हिच्यात कॅमेरा आहे. मग काय विचारता! लांबून माझ्यावर नजर पडली की ब्रेक लागायचे, गाड्या शहाण्यासारख्या जायच्या आणि वळण ओलांडलं की पुन्हा भुर्रकन. एक गृहस्थ रोज काच खाली करून मला चार शब्द सुनावायचे. एकदा त्यांनी अर्धी भरलेली कॉफी फेकून मारली. कॉलेजची पोरं तर आकडा मोठा दिसावा म्हणूनच गाडी पिटाळायची, आणि दिसला की आत आरडाओरडा. मला राग यायचा, पण पाटीचा राग कोण विचारतो?

त्या साऱ्या गर्दीत माझ्याशी प्रेमाने बोलणारा माणूस एकच, मनोहरकाका. माझं हे मराठीही त्यांच्याच तोंडून आलेलं. नागपूरच्या शाळेत आयुष्यभर पी.टी. शिकवून रिटायर झालेले. बायपास झाल्यावर मुलाने, प्रसन्नने, त्यांना इकडे आणलं होतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं. घराच्या बाजूला फुटपाथ नव्हता, म्हणून ते माझ्याजवळच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून रस्ता ओलांडून पलीकडच्या तळ्यावर जायचे. अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी, पायात मुलाने आणलेले पांढरेशुभ्र बूट.

रस्ता मोकळा असला की माझं रडार चालणाऱ्या माणसाचाही वेग टिपतं. हे काकांनीच शोधून काढलं. पहिल्यांदा माझ्यावर ‘३’ उमटला तेव्हा ते चालायचे थांबले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि मोठ्याने हसले.

मग तो रोजचा खेळच झाला. “काय मॅडम, आज किती?” असं विचारून ते लांबून हात हलवत, लेफ्ट-राइट करत यायचे. मी ‘३’ दाखवायचे. “छे! चार हवेत, चार!” म्हणत ते पुढे जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ऑगस्ट संपता संपता एका सकाळी माझ्यावर ‘४’ उमटला. काका एवढे खूश झाले, की तिथेच त्यांनी मुलाला फोन लावला. पलीकडून प्रसन्नचं हसणं मलाही ऐकू आलं. “बाबा, ओव्हरस्पीडिंग करू नका हं!”

मला एकाच गोष्टीची धास्ती वाटायची. पट्ट्यांवर पाऊल टाकण्याआधी काका उजवीकडे बघायचे. सत्तर वर्षांची सवय. तिकडे भारतात गाडी आधी उजवीकडून येते, इकडे डावीकडून. रविवारी प्रसन्न आणि नात आन्या बरोबर असायचे, तेव्हा प्रसन्न दर वेळी दंड धरून सांगायचा, “बाबा, इथे आधी डावीकडे.” आन्या ओरडायची, “लेफ्ट फर्स्ट, आजो!” काका मान डोलवायचे, त्या दिवशी नीट बघायचे आणि सोमवारी त्यांची मान पुन्हा उजवीकडे वळायची. मान आपली आपणच वळते, तिला कोण शिकवणार?

सप्टेंबरात गावाने ठरवलं, की इथे खराखुरा कॅमेरा बसवायचा. शाळेच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. ती कशी झाली हे मला पुढच्या रविवारी कळलं, कारण बापलेक माझ्याच खांबाशी उभे राहून बोलत होते.

“मी पण बोललो बाबा मीटिंगमध्ये. सरळ पैसे काढायचा धंदा आहे यार. दहा मैल वर गेलं की घरी दंडाचं तिकीट! लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅन्सल केलं शेवटी.”

“अरे, पण रस्ता ओलांडणाऱ्यांचं काय?”

“ही आहे ना बोर्डवाली. आणि हिच्यात तर कॅमेराच नाहीये, मी मुद्दाम विचारलं टाउनवाल्यांना. आमच्या मराठी ग्रुपवर टाकलं लगेच, ‘ओक रिजवर फोटो निघत नाही, मामा पण नसतो. बिनधास्त जा.’ काय लाइक्स आले!”

त्या ग्रुपवर हे रोजचंच होतं. कुठे पोलीस दिसला की कोणीतरी लिहायचं, ‘अमक्या पुलाखाली मामा उभा आहे, जपून.’ एकमेकांची काळजीच ती, वाईट मनाने कोणी करत नव्हतं. काका मात्र हसले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, तुमची पत गेली बरं का.”

खरंच गेली. बातमी एका ग्रुपवरून दुसऱ्यावर, तिथून सगळ्या गावात. माझ्यासमोर ब्रेक लागेनासे झाले. मी लाल होऊन उघडझाप करत राहायचे आणि गाड्या ढुंकूनही न बघता जायच्या. कॉफी फेकणाऱ्या गृहस्थांनीही मला बोलणं सोडलं. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, शिव्या बऱ्या होत्या.

ऑक्टोबरची ओली, धुक्याची सकाळ होती. रस्त्यावर पिवळी पानं चिकटलेली. काका आले, हात हलवला. मी ‘३’ दाखवला. “थंडी आहे मॅडम, आज तीनच,” म्हणाले, आणि पट्ट्यांशी येऊन त्यांनी उजवीकडे बघितलं.

डावीकडून गाडी आली. माझ्यावर ‘४७’ उमटला. मी लाल झाले, जेवढी होता येतं तेवढी झाले. मला तोंड असतं तर मी “काका!” म्हणून ओरडले असते.

गाडी थांबली नाही. मागून आलेल्या एका ट्रकवाल्याने काकांना आपल्या जॅकेटवर निजवलं, ॲम्ब्युलन्स बोलावली. एक पांढरा बूट माझ्या खांबाशी येऊन पडला होता. काका घरी परत आले नाहीत.

दोन दिवसांनी प्रसन्न आला, बरोबर एक पोलीस बाई. तिने माझं दार उघडलं, माझ्यातली नोंद पाहिली आणि हळू आवाजात त्याला सांगितलं, वेग आहे, वेळ आहे, गाडीचा फोटो नाही. ट्रकवाल्यालाही धुक्यात नंबर दिसला नव्हता. ती गाडीत जाऊन बसली. प्रसन्न तिथेच उभा राहिला. एवढ्या महिन्यांत माझ्याशी एक शब्द न बोललेला तो, माझा खांब धरून बोलला.

“आकडा नकोय मला. फोटो हवाय. कोण होतं तेवढं सांग ना!”

मी काय सांगणार? मला चेहरा दिसत नाही, नंबर प्लेट दिसत नाही. त्यानेच तर सगळ्यांना सांगितलं होतं. तो खाली बसला, गुडघ्यांत डोकं घातलं आणि पुटपुटला, “आमच्यातलं कोणी नसेल ना?”

याचं उत्तर त्याला अजून मिळालेलं नाही. मिळेल असं वाटतही नाही. ग्रुपवर त्या दिवशी हात जोडल्याची चिन्हं ओळीने आली असतील. त्यातलं एखादं त्या गाडीतून आलेलं असेल का, हा विचार त्याला जगू देत नाही.

हिवाळा सरल्यावर गावाने पुन्हा मीटिंग घेतली. प्रसन्न पुन्हा बोलायला उभा राहिला. आन्याने माझ्यापाशी थांबून मैत्रिणीला सांगितलं, की डॅडने या वेळी कॅमेरा मागितला. कॅमेरा मंजूर झाला. उद्या तो माझ्या जागी बसेल आणि मला गोदामात टाकतील.

तो प्रत्येकाचा फोटो काढेल. तुम्ही त्याला शिव्या घालाल, कॉफी फेकाल, ग्रुपवर त्याचा पत्ता टाकाल. टाका. पण तो पत्ता वाचून इथे हळू जा आणि पुढच्या वळणावरही हळूच जा. तिथेही कोणाचे तरी बाबा आधी उजवीकडे बघत असतील.

जाता जाता एवढंच सांगते. तिनाचे चार करायला माझे काका अख्खा उन्हाळा झटले. सत्तेचाळिसाचे पंचवीस करायला तुम्हाला फक्त पाय उचलायचा होता.