गारांची तारीख

"गारा पडल्या की लगेच बागेत जायचं नाही," सूप पिता पिता रेटो काडुफ म्हणाला. आमच्या विमा कंपनीत शेतीच्या गारपिटीचा विभाग तो सांभाळायचा. हाताखाली अकरा माणसं. "लगेच गेलं तर बागवाला म्हणतो, सगळंच गेलं. पंधरा दिवस थांबायचं. झाडच सांगतं काय गेलं ते."

"मग नुकसानीची तारीख कुठली लिहिता?" मी विचारलं.

"मी पाहणीला जातो ती. पहिल्यापासून तसंच आहे. का गं रेगुला, तुझ्या गणिताला चालत नाही?"

मी जेवण तसंच ठेवून उठले.

मोटार विभाग गाडीवर गारा पडल्या त्याच दिवसाची तारीख लिहितो. कंपनीने किती पैसे राखून ठेवायचे हे गणित माझ्याकडे असतं. दहा वर्षांपूर्वी मीच दोन्ही याद्या ताडून निष्कर्ष काढला होता: बागांचं आणि गाड्यांचं नुकसान एका वेळी होत नाही, तेव्हा दोन्ही धंद्यांना मिळून थोडं राखीव भांडवल पुरेल. आता मी बागांच्या तारखा पंधरा दिवस मागे सरकवल्या. गारा त्याच होत्या, दुपारही तीच.

जिथे शंभर फ्रँक राखीव हवेत, तिथे आमच्याकडे एकशे अठरा आहेत असं आम्ही समजत होतो. होते त्र्याण्णव.

संचालिका ऑडरमाटबाईंनी कागद दोनदा वाचला. "जुना आकडा दहा वर्षं चालला की."

"दहा वर्षांत मोठी गारपीट झाली नाही म्हणून."

"सरकारी विमा नियामकाकडे जाणाऱ्या अहवालावर सही तुमची असते. ठरवा. नवं भांडवल मिळणार नाही, म्हणजे एक धंदा बंद करावा लागेल. गाड्यांत नफा आहे, बागांत नाही." मग खालच्या आवाजात त्या म्हणाल्या, "काडुफना मी सांगू?"

"नको. मी सांगते."

नव्या आकड्यावर सही करून मी रेटोच्या खोलीत गेले. त्याने माझं बोलणं मध्येच न तोडता सगळं ऐकून घेतलं.

"माझी माणसं पन्नाशीच्या पुढची आहेत," तो म्हणाला. "त्यांना आता कोण घेणार? एक वर्ष थांबली असतीस तर? तेवढ्यात कुठेतरी लावून दिली असती त्यांना."

"त्याच वर्षी मोठी गारपीट झाली असती, तर बागवाल्यांना द्यायला पैसे नसते, रेटो."

"आणि झाली नसती तर?"

त्याचाही आकडा मी काढलेला होता. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वर्षांत काहीच झालं नसतं. तो मी त्याला सांगितला नाही.