चंद्रावरची किक

"अहो, मोजे उलटे घातलेत तुम्ही," बायको म्हणाली.

"असू देत. चेंडूला काय कळतंय?" केळेकाका पायात बूट सरकवत म्हणाले.

"चेंडूला नाही, गुडघ्याला कळतं. त्याला विचारलंत का, जमणार आहे का म्हणून?"

 काकांचं गुडघ्याला विचारून झालं होतं. गेले काही दिवस ते सकाळी फिरायला जातो म्हणून निघत, मागच्या मोकळ्या जागेत चेंडू मारून बघत आणि घाम पुसत परत येत. चेंडू एकदाही वळला नव्हता. ही गोष्ट बायकोच्या कानावर घालायची हिंमत त्यांना झाली नव्हती, लेकीच्या तर मुळीच नाही.

काका कारखान्यात फिटर होते, तिथूनच निवृत्त झाले, पण फिटर म्हणून त्यांना कुणी ओळखत नसे. कारखान्याच्या फुटबॉल संघात असताना त्यांनी मारलेला चेंडू समोरच्या खेळाडूंच्या भिंतीला वळसा घालून, केळ्यासारखा वाकत जाळ्यात शिरायचा. म्हणून केळेकाका. बाकी खेळ यथातथाच. धावण्याच्या नावाने तर आनंदच होता. पण त्या एका किकवर माणूस आयुष्यभर मान ताठ ठेवून वावरला.

लेक लहानपणी मैदानाच्या कडेला बसून विचारायची, "बाबा, पण चेंडू का वळतो?" काका सांगायचे, "मी वळवतो म्हणून वळतो." पोरीचं काही समाधान होईना. त्या प्रश्नाचा पिच्छा पुरवत ती भौतिकशास्त्राची पदवी घेऊन आली आणि आता शाळेत विज्ञान शिकवत होती. नोकरी मात्र तात्पुरती, वर्षाच्या बोलीवर. आज मुख्याध्यापिका तिचा तास बघायला येणार होत्या, आणि तिला ठेवायचं की नारळ द्यायचा हे त्यावरच ठरणार होतं. अंतराळ म्हटलं की नववीच्या मुलांना जांभया यायच्या आणि फुटबॉल म्हटलं की जाग यायची, म्हणून तिने तास मैदानावर ठेवला होता. विषय होता 'चंद्रावर फुटबॉल', आणि सुरुवात बाबांच्या किकने.

"फक्त एक किक मारायची, बाबा. चेंडू वळला की पुढचं मी बघते," असं ती म्हणाली होती. जमणार नाही म्हणायची ती वेळ होती. काका म्हणाले होते, "अगं, डाव्या हातचा मळ आहे तो माझ्या."

काका शाळेच्या मैदानावर पोहोचले. मुलं गवतावर बसली होती. मुख्याध्यापिका खुर्चीवर, चेहरा कोरा. लेक हसत होती, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, आणि ती घाबरली की असंच करते हे काकांना तिच्या पहिल्या परीक्षेपासून माहीत होतं. तिने चार मुलांची भिंत उभी केली. वर्गाची गोलकीपर असलेली बारकीशी मुलगी जाळ्यापाशी जाऊन हात चोळत उभी राहिली.

"माझ्या बाबांची किक बघा हं," लेक म्हणाली. "आणि चेंडू कुठे जातो ते नीट बघा."

काकांनी चार पावलं घेतली आणि पाय फिरवला. चेंडू नाकासमोर गेला आणि भिंतीतल्या सगळ्यात उंच मुलाच्या पोटावर आदळला. वर्ग खो खो हसला.

"एकदा होतं असं," काका म्हणाले. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटत होता. त्यांनी चेंडू पुन्हा ठेवला. या वेळी तो भिंतीच्या डोक्यावरून गेला, तोही सरळच. गुडघ्यातून कळ निघाली. त्याहून मोठी कळ लेकीकडे बघताना आली. तिचं हसू ओठांवरच राहून गेलं होतं. मुख्याध्यापिकांनी घड्याळ बघितलं. आपल्या बढाईपायी पोरीची नोकरी गेली, असं काकांच्या मनाने घेतलं.

"टीचर, चेंडू का नाही वळला?" गोलकीपरने विचारलं.

 लेकीने चेंडू उचलला आणि बोटावर फिरवून दाखवला. "फिरणारा चेंडू हवेला एका बाजूला ढकलतो. मग हवा त्याला दुसऱ्या बाजूला ढकलते. बाबांच्या चेंडूला फिरकीच मिळाली नाही, म्हणून हवेला काही करता आलं नाही. आता सांगा, फिरकी आहे पण हवाच नाही, असं कुठे होईल?"

"चंद्रावर," कुणीतरी पुटपुटलं.

"मग तिथे चेंडू कसा जाईल?"

"काकांसारखा," उंच मुलगा पोट चोळत म्हणाला. पुन्हा हशा पिकला, पण आता गोलकीपर विचारात पडली होती.

"म्हणजे तिथे जगातला सगळ्यात भारी प्लेअरसुद्धा..."

"सुद्धा," लेक म्हणाली. "चंद्रावर सगळे बाबांसारखेच."

मग तास काही हातात राहिला नाही. प्रत्येकाला फिरकी देऊन बघायची होती. गोलकीपरचा चेंडू थोडासा का होईना, पण वळला, आणि ती ओरडत सुटली. चंद्रावर चेंडू किती लांब जाईल, हेडर मारताना माणूस किती उडेल, गोलकीपरने काय करायचं, असे प्रश्नांवर प्रश्न आले. एका प्रश्नाचं उत्तर लेकीलाही येईना, तेव्हा ती म्हणाली, "हे मी उद्या बघून सांगते," आणि मुलांना तेच जास्त आवडलं.

तास संपल्यावर मुख्याध्यापिका काकांकडे आल्या. "सरळ मारायचं आधीच ठरवलं होतं ना तुम्ही दोघांनी? छान कल्पना आहे."

लेकीने काही सांगायला तोंड उघडलं.

"हो, ठरवलं होतं," काका आधी बोलले.

फाटकापाशी लेक धावत आली. तिला धाप लागली होती. "ठेवलं मला, बाबा. आणि बाकीच्या वर्गांसमोरही हाच तास घ्यायला सांगितलाय." काकांना भरून आलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"तुम्ही याल ना?" ती त्यांच्या गुडघ्याकडे न बघता म्हणाली. "फक्त आजच्यासारखीच मारा हं. सरळ."

मागे मैदानावर मुलं अजून चेंडू वळवत होती.

"सरळ ना? जमेल की," काका म्हणाले. या वेळी ते खरं बोलत होते.