हातात राहिलेलं अक्षर

नळदुर्गच्या हायवेवर धोंडप्पांचं चहाचं हॉटेल होतं आणि गप्पांत त्यांचा हात धरणारा त्या रस्त्यावर कुणी नव्हता. घरात कानडी, गल्ल्यावर मराठी, हैदराबादच्या ड्रायव्हरांशी दख्खनी. नेमक्या अशा माणसाची वाचा लकव्यानं नेली. देवाला दुसरं कुणी सापडलं नाही का, असं त्यांच्या लेकीला, शिवरंजनीला, रोज वाटायचं.

घरात तिला शिवू म्हणत, आणि ती वडिलांना आप्पा. तिनं लॅपटॉपच्या कळांवर मराठी अक्षरं चिकटवली आणि आप्पांचा डावा हात त्यांवर ठेवला. पण बोट एकदा टेकलं की उचलता उचलत नसे. एकेक अक्षर पडदाभर धावत सुटायचं, नुसती जत्रा. त्यात आप्पांचं म्हणणं शोधायचं कुणी?

शिवू कॉम्प्युटर शिकलेली. तिनं एक लूप लिहिला, म्हणजे प्रत्येक अक्षराला तेच काम पुन्हा पुन्हा करणारा छोटा प्रोग्रॅम. एक अक्षर हातात धरायचं. पुढचंही तेच आलं तर गप्प पुढं जायचं, वेगळं आलं की हातातलं एकदाच लिहून टाकायचं आणि नवं धरायचं. बोट जरा थांबलं की शब्द संपला, आणि लूपही.

दिवेलागणीला परसात म्हैस रवंथ करत होती. चुलीचा धूर खोलीत रेंगाळत होता. आप्पांचं बोट बराच वेळ कळांवर फिरलं आणि पडद्यावर शब्द उमटला : शिव. मग आणखी एक : हाल.

आईनं, गंगम्मानं, हात जोडले. आप्पांचे धाकटे भाऊ शंभुलिंग यांनी डोळे पुसले.

"अण्णानं शिवाचं नाव घेतलं, पोरी. हाल व्हायलेत म्हंतोय. लई झालं आता. उद्या सोलापूरच्या दवाखान्यात नेऊ नको. सुखानं जाऊ दे त्याला."

खुद्द आप्पांनीच सांगितलं होतं. काका उद्याची गाडी रद्द करायला अंगणात गेले.

ती आप्पांजवळ बसून राहिली. ट्रकचे दिवे भिंतीवरून सरकत होते. त्या उजेडात तिला अक्षरं दिसू लागली, गोठ्याकडे परतणाऱ्या गुरांसारखी, एकामागं एक, सावकाश. तिला आप्पांना त्यांच्याच वाटेनं हाक मारायची होती. म्हणून त्यांच्यासारखंच बोट कळेवर दाबून धरत तिनं लिहिलं : आप्पा.

पडद्यावर आलं : आप्प.

"काना कुठं गेला?" ती पुटपुटली. पुन्हा लिहिलं. पुन्हा काना गायब.

आणि तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. प्रत्येक अक्षर लिहिलं जात होतं ते मागून वेगळं अक्षर येत होतं म्हणून. शेवटच्याच्या मागून कुणीच येत नाही. लूप संपतो आणि ते हातातच राहतं.

तिनं लूपच्या खाली एक ओळ वाढवली : हातात उरलेलंही लिही. लॅपटॉपात साठलेली आप्पांची मघाची अक्षरं पुन्हा चालवली.

शिवू.

हालु.

हालु म्हणजे कानडीत दूध. ती एवढीशी होती तेव्हापासून संध्याकाळची धार काढली की थेंबभरही हॉटेलात जायच्या आधी आप्पा पेला घेऊन उंबऱ्यात उभे राहायचे. "शिवू, हालु!" तिचं "आधी साय काढा" हे ठरलेलं, आणि त्यांचं हसणंही. आजारपणाच्या धांदलीत ती दूध प्यायली की नाही, याची आठवण घरात कुणाला उरली नव्हती. एकट्या आप्पांना होती.

"काका, गाडी येऊ द्या!" ती अंगणाकडं बघून ओरडली. "आप्पा देवाला न्हाय, मला हाका मारायलेत!"

गंगम्मानं भरलेला पेला आणला. शिवू आप्पांसमोर मांडी घालून बसली. डोळ्यांतलं पाणी पेल्यात पडलं तरी थांबली नाही. सगळं दूध प्याली, सायीसकट.