मामाकडची साडी

अंतरपाट दुसऱ्यांदा धरला गेला आणि हैबतीने पाहिलं, पलीकडचा नवरा बदलला होता. मघाचा बुटका होता, त्याच्या फेट्याचा तुरासुद्धा कापडाच्या वर आला नव्हता. हा चांगला उंच होता. त्याचे डोळे अंतरपाटावरून दिसत होते आणि ते हसत होते.

हैबती नवरीच्या मागे, मामाच्या जागी उभा होता. तिच्या खांद्यांवरचे हात त्याने काढून घेतले. थोड्या वेळापूर्वी याच पोरीचं लग्न लागलं होतं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, हार घातले गेले आणि हैबतीने फेट्याच्या टोकाने डोळे टिपले होते. आता तेच भटजी पुन्हा घसा खाकरत होते. समोर खुर्च्यांवर वाडीतली बायामाणसं नटूनथटून बसली होती. त्यांच्यात हैबतीची बायको साळूबाई होती, तिने तोंडाला पदर लावला होता.

"थांबा," हैबती म्हणाला. "एका पोरीचं दोनदा लगीन लावताय? मघाचा नवरा कुटं गेला?"

कुणीतरी हसलं. कॅमेऱ्यामागचा टोपीवाला वैतागून उठला आणि त्याने मॅनेजरला हाक मारली.

हा मॅनेजर, विनीत, दोन दिवसांपूर्वी खाली वाडीत आला होता. वर रिसॉर्टवर लग्न आहे, मुलीकडची माणसं कमी पडतायत, चांगले कपडे घालून या, जेवण तिकडेच, असं सांगून गेला. डोंगरावर येऊन लग्न करायची शहरातल्या लोकांना आता भारी हौस आहे हे वाडीला ठाऊक होतं. ज्यांची पोरं पोटासाठी हाच डोंगर उतरून मुंबईला गेली, त्यांना त्याची गंमतच वाटायची. निघता निघता विनीतची नजर हैबतीच्या मिश्यांवर थांबली. मुलीला मामा नाही, तुम्ही उभे राहाल का, असं त्याने विचारलं. बिनमामाची पोर म्हटल्यावर हैबती विरघळला. तसा तो विरघळणारा माणूस नव्हता. वाडीतल्या कुठल्याही लग्नात रीत चुकली की भर मांडवात फाडकन बोलायचा आणि लोक त्याला वचकून असायचे.

विनीत जवळ आला आणि त्याने हैबतीला बाजूला घेतलं.

"मामा, हे लग्न खरं नाही हो. रिसॉर्टची जाहिरात आहे. ती मुलगी नटी आहे, भटजीसुद्धा नट आहेत. पहिला मुलगा तिच्या शेजारी शोभेना, म्हणून दुसरा घेतलाय."

हैबतीने वळून भटजींकडे बघितलं.

"आधी सांगितलं असतं तर तुमच्या चेहऱ्यावर तसं आलं नसतं," विनीत समजुतीने म्हणाला. "तुम्ही रडलात ना, ते फार छान आलंय."

हैबतीला वाटलं, कुणीतरी भर चौकात आपलं धोतर फेडलं. नवरीकडे बघितलं तर ती आरशात कपाळावरचं कुंकू नीट करत होती. तो मांडवाबाहेर आला आणि हिरवळीच्या कडेला दगडावर बसला. टोपीवाल्याचं त्याच्यावाचून अडलं नाही. वाडीतलाच सदू उठवला गेला, तसलाच फेटा त्याच्या डोक्यावर बसवला आणि मामाच्या जागी उभा केला. सदू इकडे बघायचं टाळत होता. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. मघाशी त्याच सुरांनी हैबतीच्या अंगावर काटा आला होता.

साळूबाई येऊन शेजारी बसली.

"ती साडी," ती म्हणाली.

साडीचं हैबतीच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. सकाळी त्याने नवरीला मामाकडची पिवळी साडी दिली होती. ती कालपरवाची खरेदी नव्हती. त्याच्या मेलेल्या बहिणीची, मंजुळाची मुलगी सारिका त्याच्याच घरात वाढली. ती पोलादपूरला बारावी झाली त्या वर्षी त्याने महाडच्या बाजारातून ही साडी तिच्या लग्नासाठी आणून ट्रंकेत ठेवली. पुढे सारिका नर्स झाली, पनवेलकडे राहू लागली आणि तिथल्याच एका मुलाशी तिने रजिस्टर लग्न केलं. मुलगा कामाचा होता, सरळ होता. दोघं पेढे घेऊन पाया पडायला आली तेव्हा हैबतीने त्यांना ओटीवरून आत येऊ दिलं नाही. अंतरपाट नाय, अक्षता नाय, मागं मामा उभा नाय, ह्याला मी लगीन म्हनत नाय, असं तो सगळ्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला होता. सारिकाने पेढ्यांचा पुडा ओटीवर ठेवला आणि नवऱ्याला घेऊन ती डोंगर उतरून गेली. त्याला तीन वर्षं झाली.

मांडवात 'सावधान' झालं. वाजंत्री वाजली. वाडीच्या बायांनी सांगितल्याप्रमाणे पुन्हा अक्षता टाकल्या.

"हितं सगळं हाय बग," हैबती म्हणाला. "अंतरपाट, अक्षता, मामा. सगळं हाय."

तीन वर्षांत साळूबाईने नवऱ्याला जे ऐकवायचं ठरवलं होतं ते सगळं त्यानेच बोलून टाकलं होतं.

जेवणाची सुट्टी झाली तशी नवरी त्यांच्याकडे आली. तिचं नाव दीक्षा होतं. हातात पिवळी साडी होती, घडी न मोडलेली.

"सॉरी मामा. मला वाटलं ही शूटिंगच्या कपड्यांतलीच आहे. मग आत हळदीकुंकवाची पुडी मिळाली." तिने साडी दोन्ही हातांनी पुढे केली. "मी नाही ठेवू शकत ही."

मामाने दिलेलं परत घ्यायचं नसतं. ही रीत हैबतीइतकी वाडीत कुणी पाळली नसेल आणि तो आता ती साडी पोरीकडे सारणार, हे साळूबाईला दिसतच होतं. पण हैबतीने हात पुढे केला आणि साडी घेतली.

"तुजं लगीन हुईल तवा बोलव गो," तो म्हणाला. "दुसरी आनीन. ही हाय एकीची."

दीक्षा वाकून पाया पडली. या वेळी समोर कॅमेरा नव्हता.

ती गेल्यावर हैबती साडी मांडीवर घेऊन बसून राहिला. मग त्याने बायकोकडे न बघता विचारलं, तुझ्याकडे सारिकाचा नंबर असेल ना. साळूबाईने कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढला. वाडीत रेंजसाठी टेकाडावर चढावं लागायचं, इथे बसल्या जागी रेंज होती. तिने नंबर लावला आणि मोबाईल नवऱ्याच्या कानाला धरला, कारण त्याचे हात साडीवरून उठत नव्हते.

"मामी?" पलीकडून सारिका म्हणाली. "बोल गो."

हैबतीने घसा साफ केला. "मी हाय."

पलीकडून घाबरा आवाज आला. "मामा? काय झालं? मामी बरी हाय ना?"

"बरी हाय. हितंच बसलीय." त्याने साडीच्या काठावरून बोट फिरवलं. "सारिका, तुज्या घरी यायचं तर यस्टीतनं कुटं उतरायचं?"