टोपी टांगायचं झाड

शवपेटीवर कापड पसरून चौघी बायका त्याचे कोपरे खाली खोचत होत्या. कापड जांभळं, नवंकोरं, खळीचा वासही अजून न गेलेलं. मधोमध उमेदवार लुसुंगु निरोंगोचा हसरा चेहरा छापलेला होता आणि तो नेमका आत निजलेल्या म्सिस्का पाळकांच्या छातीवर आला होता.

न्याकायिरा भिंतीशी चटईवर बसली होती. तिने हात उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. मयतीच्या घरात विधवेच्या वतीने दीर बोलतो आणि तिचा दीर वेडसन अंगणात निरोंगोच्या माणसांना खुर्च्या मांडून देण्यात गर्क होता.

"ते कापड काढायला सांग गं त्याला," ती शेजारच्या न्यासोकोच्या कानाशी पुटपुटली.

महिला मंडळाची अध्यक्षा न्यासोको उठून बाहेर गेली आणि तशीच परत आली.

"म्हणतो, पेटी त्यांची, ट्रक त्यांचा, चुलीवर शिजतंय ते पीठसुद्धा त्यांचं. मग एक कापडच तेवढं जड झालं का?"

त्यात खोटं काही नव्हतं. पाळक शहरातल्या इस्पितळात वारले आणि त्यांना डोंगरापलीकडे गावी आणायला गाडी मिळेना. तेव्हा निरोंगोचा ट्रक आपणहून दारात येऊन उभा राहिला. निवडणूक तोंडावर आली होती. ट्रक कशासाठी आला ते न्याकायिराला कळत होतं, पण नको म्हणायला दुसरा ट्रक कुठे होता?

म्सिस्का पाळकांचा निम्मा जन्म एका नियमापायी बोलणी खाण्यात गेला. चर्चच्या दारासमोर आंब्याचं झाड आहे. पक्षाची टोपी, बिल्ला, कमरेचं कापड, जे काही असेल ते आत येण्याआधी त्या झाडावर टांगायचं. जाताना ज्याचं त्याने घेऊन जायचं. "बाहेर कुणाचेही असा," ते म्हणत, "आत नुसते या." हिरवे त्यांना जांभळ्यांचा माणूस म्हणायचे, जांभळे हिरव्यांचा. एकदा तर खुद्द मंत्री आला. त्याला मागच्या बाकावर बसवलं आणि दोन शब्दही बोलू दिले नाहीत. गावाला मिळणारी कूपनलिका शेजारच्या गावात गेली. तेव्हापासून डोक्यावर बादल्या घेऊन नदीकडे निघालेल्या बायका न्याकायिराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "चला, पाळकांच्या नियमाला पाणी सुटलंय का बघू या." ती ऐकून घ्यायची. बादली तिच्याही डोक्यावर असायचीच.

पेटी उचलली गेली. पुढे न्याकायिरा, तिच्यामागे गीत गाणाऱ्या बायका, त्यांच्यामागे पेटी. निरोंगो टोपी घालून पेटीला खांदा लावून चालला होता. तो भाषण चर्चमध्येच, पेटीशेजारी उभा राहून करणार, हे वेडसनने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

आंब्यापाशी येताच न्याकायिरा खाली बसली.

ठरवून बसली असंही नाही. सरळ मातीतच बसली. पेटी अडली आणि गीतही थांबलं.

"चक्कर आली वाटतं. पाणी आणा," कुणीतरी म्हणालं.

वेडसन धावत आला. "वहिनी, उठा. पाहुणे ताटकळलेत."

ती उठली नाही. तिने मान वर करून फांद्यांकडे पाहिलं. मग न्यासोको तिच्याशेजारी बसली. मागच्या बायकाही एकेक करून बसल्या.

निरोंगोला समजलं. समजणारच होतं, पाळकांच्या हाताखालीच तर त्याने धर्मशिक्षण घेतलं होतं. शाळेतली टोपीसुद्धा त्याने लहानपणी याच झाडाला अडकवली होती. त्याने पेटी खाली ठेवायला लावली, स्वतःची टोपी काढून फांदीला लावली. मग पेटीवरचं कापड काढून नीट घडी केली आणि तेही फांदीवर ठेवलं. आत जाऊन तो मागच्या बाकावर बसला आणि शेवटपर्यंत गप्प राहिला.

न्याकायिरा तेव्हा पहिल्यांदा पोटभर रडली. नवरा गेल्याचं दुःख होतंच, पण त्याचा शब्द राहिला याचं सुखही त्या रडण्यात होतं. निरोंगोच्या माणसांपैकी एकजण बाहेर फोटो काढत होता, त्याच्याकडे तिचं लक्षच गेलं नाही.

पुढे नवा पाळक येणार, तेव्हा पाळकनिवास रिकामा करणं आलं. न्याकायिराला मूलबाळ नव्हतं. दिराच्या घरात त्याचीच माणसं दाटीवाटीने राहत होती. अशात निरोंगोने निरोप पाठवला: आई, पाळकांच्या वडिलोपार्जित जागेवर तुम्हाला घर बांधून देतो. विटा आल्या, भिंती चढल्या. दोन खोल्या आणि पुढे ओटा. न्याकायिरा संध्याकाळी तिथे जाऊन बिनछपराच्या खोलीत उभी राहायची आणि चूल कुठे मांडायची ते मनाशी ठरवायची. तिला ते घर हवं होतं. हे तिने देवापासूनही लपवलं नाही.

मग नवी कापडं आली.

वेडसन हातभर गठ्ठा घेऊन आला आणि एक कापड तिच्यापुढे झटकून पसरलं. जांभळ्या रंगावर एक झाड, झाडाच्या फांदीला टोपी, शेजारी हात जोडून उभा निरोंगो. खाली मोठ्या अक्षरात: देवापुढे नम्र माणूस.

"आपलाच आंबा!" वेडसन म्हणाला. "वहिनी, दादांचं झाड जिल्हाभर पोचलं. आता तो दर रविवारी कुठल्या ना कुठल्या चर्चबाहेर टोपी टांगतो. परवा एका गावात झाडच नव्हतं, तर फांदी तोडून आणून रोवली."

न्यासोको दारात उभी होती. "मग तिला पालवी फुटली का?" तिने विचारलं.

"थट्टा नको. या रविवारी तो आपल्याकडे येतोय. वहिनींनी हे नेसून त्याच्याशेजारी उभं राहायचं, एवढंच. सोमवारी छपराचे पत्रे येतील."

"आणि मी नाही नेसले तर?"

वेडसनने कापडाची घडी घालून तिच्यापुढे ठेवली. "वहिनी, पाऊस लागला की मातीच्या सांध्यांच्या उघड्या भिंती किती टिकतात, ते मी सांगायला हवं का?"

तो गेल्यावर न्याकायिरा घडी उलगडून बराच वेळ कापडावरच्या झाडाकडे पाहत राहिली. ती त्या दिवशी मातीत बसली नसती, तर हे चित्रच झालं नसतं. नवऱ्याचा नियम राखायला गेली आणि तोच नियम तिने आपल्या हाताने निरोंगोच्या झोळीत टाकला होता. आता बसावं तरी ते त्याचं, उभं राहावं तरी ते त्याचंच. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

रविवारी तिने ते कापड नेसलं. काळ्या झग्यावरून कमरेला गुंडाळलं आणि गाठ मारली. वेडसनचा चेहरा उजळला. रस्ताभर सगळ्या बायका जांभळ्याच होत्या.

आंब्याखाली निरोंगो उभा होता. फोटोवाल्यांची तयारी झाल्यावर त्याने सावकाश टोपी काढली, फांदीला लावली आणि हात पुढे केले.

"या आई, इथे उभ्या राहा माझ्याजवळ."

न्याकायिरा त्याच्याजवळ गेली. कमरेची गाठ सोडली. कापड झटकलं, दुहेरी केलं आणि टोपीशेजारच्या फांदीवर टाकलं. झाडावरचं झाड वाऱ्याने हललं.

निरोंगोचं हसू फोटोवाल्यांसाठी तसंच राहिलं. ओठ फारसे न हलवता तो म्हणाला, "आई, पत्रे उद्या येणार होते."

"माहीत आहे, बाळा. चल आत, उपासना सुरू होईल."

ती एकटीच आत गेली आणि बायकांच्या बाकावर बसली. थोड्या वेळाने शेजारी न्यासोको येऊन टेकली. तिच्याही कमरेला कापड नव्हतं. मागे कोण आलं आणि कसं आलं, ते न्याकायिराने वळून पाहिलं नाही. नुकत्याच आलेल्या नव्या पाळकांनी प्रार्थना केली. त्यात कुणा उमेदवाराचं नाव नव्हतं.

उपासना संपली. बाहेर आंब्यावर बरीच कापडं लोंबत होती. बायका आपापलं ओळखून काढून घेत होत्या, पण सगळी एकसारखीच असल्यामुळे घोळ चालला होता. निरोंगोची टोपी जागेवर नव्हती आणि त्याची गाडीही निघून गेली होती. न्याकायिरा झाडाखालून पुढे चालू लागली.

"वहिनी!" वेडसन मागून ओरडला. "वहिनी, तुमचं कापड राहिलं!"

तिने ऐकलं आणि पावलं उचलली. पाळकनिवास रिकामा करायचा होता. त्याआधी कोंबड्या कुणाकडे ठेवायच्या, ते बघायला हवं होतं.