अक्काताईच्या झंपराचा कागद

मित्रांनो, मी झंपर बेतायचा एक जुना कागद आहे. कापडावर मला पसरायचं, माझ्या कडेने खडू ओढायचा आणि त्या रेघेवरून कात्री चालवायची, एवढंच माझं काम. मला नुसतं पाहाल तर हसाल, कारण माझी डावी बाजू उजवीपेक्षा बरीच खाली उतरलेली आहे. खुशाल हसा. माझ्याहून देखणे कागद मी पुष्कळ पाहिले आणि त्यांची काय लायकी होती तेही पाहिलं.

बेळगावात शहापूरला जयाबाई नावाच्या बाई बायकांचे कपडे शिवायच्या. त्यांची भाची अक्काताई लहानपणी खानापूरच्या वाटेवर बैलगाडीतून पडली आणि तिचा डावा खांदा कायमचा खचला. शिंपी तिच्या चांगल्या खांद्याचं माप घ्यायचे आणि दोन्ही बाजू सारख्याच कापायचे. मग झंपर एका बाजूला गोळा व्हायचा, दुसऱ्या बाजूला घसरायचा आणि गल्लीतली पोरं तिला तिरपी म्हणायची. असली पोरं मोठी होऊन काय दिवे लावतात ते सांगायला नको.

एके दिवशी जयाबाईंनी तपकिरी जाड कागद काढला आणि भाचीला समोर बसवलं. अक्काताई ताठ झाली.

"ताठू नगं," जयाबाई म्हणाल्या. "रोज बसतीस तशी बस."

त्या दिवशी मी झालो. माझ्यावरून बेतलेला पहिला झंपर घालून अक्काताई बाजारात गेली आणि परत येऊन म्हणाली, "मावशी, कुणी बघितलंच न्हाय माझ्याकडं." तिच्या तोंडावरचा आनंद मी पाहिला. माझी याहून मोठी स्तुती आजवर झालेली नाही.

पुढे तिचं लग्न होऊन ती बोरगावला गेली. दरवर्षी माहेरपणाला आली की जयाबाई मला खुंटीवरून काढत आणि तिचे झंपर शिवून देत. बरीच वर्षं असं चाललं. मग जयाबाई वारल्या. त्यांच्या मुलाला सुईदोऱ्याशी कर्तव्य नव्हतं. खुंटीवरचे सगळे कागद त्याने निपाणीच्या शालनबाईंना देऊन टाकले.

शालनबाई तंबाखूच्या व्यापाऱ्याची बायको. त्यांना बेतायचे कागद जमवायचा नाद होता. शिवणं मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. सुई बोटाला टोचते म्हणून त्या बटणसुद्धा जावेकडून लावून घेत. ट्रंक भरून कागद! कुणी पाहुणी आली की ट्रंक उघडायची, "ह्ये विलायती, ह्ये मुंबईचं, ह्ये जयाबाईंच्या हातचं," असं म्हणत दाखवायचं आणि पुन्हा कुलूप. माझ्या शेजारी वर चित्र छापलेल्या पाकिटातले विलायती कागद असत. त्यांची घडीसुद्धा कधी मोडली नव्हती, आणि तोच त्यांचा तोरा. त्यांच्यावरून आजवर एकही झंपर बेतला गेला नव्हता.

एकदा अक्काताई माझा माग काढत निपाणीला शालनबाईंकडे आली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि जुने झंपर विरले होते. ट्रंक उघडल्यावर तिने मला लगेच ओळखलं, बाहेर काढलं आणि आपल्या खांद्याला लावून दाखवलं.

"वैनी, ह्यो माझा कागद. एक झंपर बेतून दुसऱ्या दिवशी आणून देतो."

"तसं कसं?" शालनबाई म्हणाल्या. "एकाला दिला की समदी मागत्यात. माझं जमवलेलं मोडतंय. शिंप्याकडनं नवं माप घ्या की."

अक्काताईने मला परत ठेवलं. हात जोडले नाहीत, हे मला फार आवडलं. शालनबाईंची जाऊ धोंडूबाई दाराशी उभी राहून हे सगळं पाहत होती. मुलीच्या लग्नात अक्काताई ऐन उन्हाळ्यात दोन्ही खांद्यांवरून पदर ओढून कोपऱ्यात बसली होती. धोंडूबाई त्या लग्नाला गेली होती. परत आल्यावर तिने हे शालनबाईंना ऐकवलं. शालनबाईंनी पानाला चुना लावला आणि विषय बदलला.

सत्तेचाळीस साली ट्रंकेत कसर लागली. शालनबाईंनी दोन ढीग केले, ठेवायचा आणि टाकायचा. विलायती पाकिटं सगळी ठेवायच्या ढिगात गेली. मग मी हाताला लागलो.

"ह्यो वाकडाच कापलाय," त्या म्हणाल्या. "म्हातारीचा हात हालला असंल. बंबात घाला."

काय ही पारख! ज्या कागदासाठी एका बाईला रिकाम्या हाताने घालवलं, तो कागद त्यांना आठवतसुद्धा नव्हता.

धोंडूबाईने मला उचललं. "शालन, ती मागत हुती तवा दिला न्हाईस. आता बंबात घालतीस?"

"कोण मागत हुती?"

धोंडूबाईने माझी घडी घातली. मला पदराखाली घेऊन ती मोटारीने बोरगावला गेली.

अक्काताईने मला जमिनीवर पसरलं, खांद्याला लावलं आणि मान हलवली. "खांदा आनखी उतरलाय गं. मावशीनं केलता तवाचा ऱ्हायला न्हाय." तिने कात्री घेतली आणि माझ्या डाव्या खांद्याची कड बेधडक कापून काढली. मग काखेकडे खळ लावून वर्तमानपत्राचं ठिगळ जोडलं.

धोंडूबाई दचकली. "अगं, एवढा जपलेला कागद कापतीस व्हय?"

"मग काय पुजू?" अक्काताई म्हणाली.

त्या आठवड्यात नातवाच्या बारशाला ती नवा झंपर घालून पाळण्यापाशी उभी राहिली आणि सगळ्या बायकांच्या पुढे होऊन तिने पाळणा म्हटला.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाच्या तरी मापाची एखादी वस्तू कडीकुलपात पडली असेल. ती ठेवायची की टाकायची हे ठरवण्याआधी ती कुणाच्या मापाची आहे ते विचारा, आणि ते माणूस जिवंत असेल तर त्याच्या घरी नेऊन द्या. तेवढंही होत नसेल, तर निदान पाहुण्यांना ट्रंक उघडून दाखवू नका. आत पडलेल्या आम्हांला तुमची लाज वाटते.