चौरस आयतच असतो

कंपासपेटीचं झाकण खट्‌कन मिटलं, तेव्हा कुठे घरात कुणीतरी आहे असं वाटलं. टिकली सकाळपासून वहीत डोकं घालून बसली होती. वयाच्या मानाने ती अगदीच बुटकी, म्हणून वडिलांनी लाडाने ठेवलेलं हे नाव. गेल्या थंडीत वडील तापाने गेले. नाव तेवढं मागे राहिलं.

नाव राहिलं आणि फ्रेमवाली राहिली. फोटोंना चौकटी करून देणाऱ्या दुकानात कामाला, म्हणून गल्ली तिला फ्रेमवाली म्हणे. ती टिकलीची सावत्र आई. टिकलीची जन्मदाती आई पोर पाळण्यात असतानाच गेली होती, त्यामुळे 'आई' ही हाक पोरीच्या जिभेला ठाऊकच नव्हती. फ्रेमवाली लग्न होऊन आली, तेव्हा टिकलीने आईही म्हटलं नाही आणि मावशीही म्हटलं नाही. तिने आपला मधलाच मार्ग काढला. अगं, भूक लागली. अगं, वेणी घाल. फ्रेमवालीने त्यावरही भागवलं. परक्या बाईला कुणी अगं म्हणतं का, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

आज सुट्टी होती, आणि दुपारी टिकलीचा मामा येणार होता. कशासाठी, ते दोघींनाही माहीत होतं. म्हणून दोघीही तो विषय सोडून बाकी सगळं करत होत्या.

"अगं, यात चुकलं काय?" टिकलीने वही पुढे सरकवली.

चौरस आयतासारखा असतो, असं तिने लिहिलं होतं आणि बाईंनी 'सारखा'खाली लाल रेघ ओढली होती. फ्रेमवाली हात पुसत तिच्याजवळ बसली. आयत व्हायला काय लागतं, असं तिने विचारलं. चारही कोन काटकोन, टिकली म्हणाली.

"मग चौरसाला ते आहेत ना? झालं तर. तो आयतच. सारखा कशाला?"

"पण त्याच्या चारही बाजू एकसारख्या असतात."

"असू देत की. थोडं जास्तीचं आहे म्हणून कुणी घराबाहेर काढतं का?"

टिकलीला ते पटलं, पण पुरतं नाही. मग फ्रेमवालीने दुकानातून आणलेल्या उरल्यासुरल्या पट्ट्यांतल्या चार सारख्या पट्ट्या काढल्या, टोकाला टोक लावून एकेक खिळा मारला आणि चौरस तिच्या हातात दिला. टिकलीने बोटाने ढकलताच तो एका अंगाला कलला. काटकोन गेले. आता तो आयत राहिला नाही. पण बाजू चारही तेवढ्याच, म्हणून समभुज चौकोन. आणि समोरासमोरच्या बाजू अजून समांतर, म्हणून समांतरभुजही.

"लवंडला तरी घरातच," टिकली म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

फ्रेमवालीने मग तिला दुकानातला किस्सा सांगितला. चौकट काटकोनात बसली की नाही, हे गुण्या लावून बघतात. लग्नाचा फोटो घेऊन कुणी आलं की मालक ठरलेलं वाक्य टाकतात, गुण्या आम्ही लावून देतो, पुढचा गोविंद तुमचा तुम्ही बघा. टिकलीने वहीत मोठं वर्तुळ काढून त्यात समांतरभुज लिहिलं. आत आयताचं आणि समभुजाचं अशी एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं काढली, आणि दोन्हींच्या सामाईक जागेत चौरस. समलंब चौकोन मात्र बाहेर. त्याच्या बाजूंची एकच जोडी समांतर.

"बिचारा," ती म्हणाली.

"व्याख्याच तशी आहे, बाळा."

मामा आला तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं. त्याने चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, टिकलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला शेजारी खेळायला पाठवलं. ती गेली ती दाराआडच थांबली. मामा हळूहळू बोलत राहिला. त्यांच्याकडे खोली रिकामी आहे, शाळा हाकेच्या अंतरावर आहे, मामी दिवसभर घरीच असते. इथे पोर शाळेतून येते ती कुलपापाशी बसते. आणि तुमचं तरी वय काय, तुमच्यापुढे सगळं आयुष्य पडलंय. मी जबरदस्ती करणार नाही, तुम्ही नाही म्हणालात तर आलो तसा जाईन, असंही तो म्हणाला. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

"तुम्ही तिला अगदी आईसारखं सांभाळलंत, वहिनी," शेवटी तो म्हणाला. "आम्ही विसरणार नाही."

सारखं. फ्रेमवालीच्या कानाला तो शब्द खटकला. केसाएवढा फरक असला तरी ती मालकाला चौकट परत सोडवायला लावायची. मामा कोन तपासा म्हणाला असता तर तिने एकेक काढून दाखवला असता. पोरीच्या गोवरात मांडीवर डोकं घेऊन काढलेल्या रात्री, शाळेतली पालकांची बोलावणी, वेण्या, रुसवे. पण जन्म द्यावा लागतो, असं व्याख्येतच असेल तर? तिने कपबशी मामापुढे सरकवली.

"चहा गार होतोय," एवढंच ती म्हणाली.

मामाने तो होकार धरला. पुढच्या आठवड्यात न्यायला येतो म्हणाला, आणि जाताना दार हलक्या हाताने ओढून घेतलं.

फ्रेमवालीने दोरीवरचे कपडे काढले. टिकलीला येणारे एकीकडे, आखूड झालेले दुसरीकडे असे ती लावू लागली. एका फ्रॉकची शिवण थोडी सोडली तर अजून वर्षभर अंगाला येईल, असं वाटून तो तिने मांडीवर ठेवून घेतला. टिकली आत आली, समोर बसली आणि मोज्यांच्या जोड्या लावू लागली.

"तिथल्या शाळेत कुणी विचारलं," ती म्हणाली, "आधी कुणाकडे राहायचीस, तर मी काय सांगू?"